शुक्रवार टाळणारा चोर

१

"हे कार्ड मी चार वर्षांपूर्वीच बंद केलंय," मैथिली म्हणाली. म्हणता म्हणताच तिला जाणवलं, की आपला आवाज नको तेवढा चढला आहे आणि कॅशच्या रांगेतली दोन माणसं मागे वळून बघताहेत.

फौजिया मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. भोरच्या त्या शाखेत कर्जाचं टेबल त्यांचं. "बंद केलं म्हणजे काय केलं?"

"आईकडे दिलं, कापून टाक म्हणून."

"कापल्यानं कार्ड संपतं, मैथिली. खातं नाही संपत."

कडेवरच्या ठकीनं टेबलावरचा स्टेपलर उचलला. मैथिलीनं तो न बघताच तिच्या मुठीतून काढून घेतला. अडीच वर्षांच्या पोरीची आई झाल्यापासून तिच्या हातांनाही डोळे फुटले होते. समोरच्या कागदावर मात्र ती नुसतीच बघत राहिली. कर्ज मागणाऱ्याची पत सांगणारा तो अहवाल. वर जाड अक्षरात आकडा होता, सहाशे अठरा. खाली एकच खातं. क्रेडिट कार्ड, ऑगस्ट २०१९पासून चालू. मर्यादा चाळीस हजार. थकबाकी चार हजार सतरा. नव्वद दिवसांच्या वर.

"चार हजारांसाठी सहा लाखांचं कर्ज अडतं?"

"रक्कम कोण बघतंय? वेळेवर भरता की नाही, हे आधी बघतात. चार हजार थकवणारा चार लाखही थकवेल, असा सरळ हिशोब असतो." फौजिया मॅडमचा आवाज मऊ झाला. "बाकी सगळं चांगलं आहे गं तुझं. चाळिसातले जेमतेम चार हजार वापरलेत, म्हणजे हावरटपणा नाही. दहा ठिकाणी अर्ज केलेले नाहीत. आणि खातं सहा वर्षांचं आहे. जुनं खातं म्हणजे जुनी ओळख. त्या ओळखीनंच तुला तारलं असतं. या पाच-सहा महिन्यांनी घात केला."

मैथिलीनं मनात तारीख मोजली. आज सतरा नोव्हेंबर, सोमवार. नवऱ्याला, प्रद्युम्नला, कंपनीत तीस तारखेच्या आत सांगायचं होतं. गुजरातेत दहेजच्या केमिकल कंपनीत पुढच्या दोन वर्षांचा करार करायचा, की भोरला परत यायचं. परत यायचं तर इथे माती-पाणी तपासायची लॅब टाकायची. जागा बघून झाली होती. कर्ज मैथिलीच्या नावावर, कारण त्या योजनेत बाईचं नाव लागत होतं. आणि त्या नावापुढे हा आकडा.

"मॅडम, मी हे कार्ड चार वर्षं हातात घेतलेलं नाही."

"मग कुणीतरी घेतलंय." फौजिया मॅडमनी पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं. "हे बघ. ऑक्टोबरअखेरपर्यंतचा अहवाल आहे. शेवटचा भरणा, बारा ऑक्टोबर. गेल्याच महिन्यात कुणीतरी या कार्डाचे पैसे भरलेत."

२

जुन्या ईमेलचा पासवर्ड आठवायला तिला तासभर लागला. शिरवळच्या कंपनीत असतानाचं ते खातं. आत सगळी बिलं न उघडता साचलेली होती.

आधी तिनं कार्डाच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "खात्री करण्यासाठी आपल्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. शेवटचे आकडे चार एक सात तीन."

"तो नंबर माझा नाही!"

"मग क्षमस्व, मॅडम."

तिनं ठकीच्या चित्रांच्या वहीचं एक पान घेतलं, हिरवा खडू घेतला आणि गेल्या दोन वर्षांची बिलं उतरून काढायला बसली. बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलेलं. आकडे एकाखाली एक मांडले की बोलायला लागतात, हे तिला ठाऊक होतं.

ते बोलले, पण वेड्यासारखंच. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्डावर एकच खरेदी. मोबाईल रिचार्ज, तीनशे एकोणीस रुपये. कोणत्या नंबरचं ते बिलात नव्हतं. आणि दर महिन्याच्या बारा तारखेला भरणा, तीनशे एकोणीस रुपये. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

यंदाच्या मे महिन्यात मात्र बँकेनं वार्षिक शुल्क लावलं होतं, करासकट पाचशे एकोणनव्वद. पूर्वी कार्ड फुकट होतं, आता नियम बदलला होता. ते पाचशे एकोणनव्वद कुणी भरलेच नाहीत. त्यावर दंड, दंडावर व्याज, व्याजावर कर. त्या ढिगाऱ्याखालीही तीनशे एकोणीस मात्र येतच होते, बिनचूक.

साडेसातला प्रद्युम्नचा व्हिडिओ कॉल आला. मागे कॅन्टीनची पांढरी ट्यूबलाइट.

"सरळ पोलिसांत जा तू."

"काय सांगू? की साहेब, चोर माझ्या कार्डावर तीनशेचं रिचार्ज करतो आणि आठवड्याभरात पैसे परत आणून देतो?"

तो हसला. मग हसू ओसरलं. "मैथिली, आज एचआरनं परत विचारलं."

"तीस तारीख आहे ना? थांब की तेवढं."

ठकी वरणभाताचा घास घेऊन मध्ये घुसली. "बाबा, आ कर!" तिनं घास स्क्रीनवर चोपडला. तिच्या लेखी बाबा म्हणजे तो फोनच. प्रद्युम्ननं तिकडे आऽ केलं, चावल्यासारखं केलं, गिळल्यासारखं केलं. मैथिलीनं काच पुसली, आणि पुसताना तिला वाटलं, आणखी दोन वर्षं मी या काचेवरचा भातच पुसत राहणार.

फोन ठेवल्यावर तिला अमजदभाई आठवला. एसटी स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. कर्जाचा फॉर्म त्यानंच भरलेला. म्हणजे तिचं आधार, पॅन, सगळं त्याच्याकडे. तिनं नावांची यादी उघडली. अमजद, आणि त्याच्या अगदी खाली आई. तिचा अंगठा सवयीनं झटकन पुढे सरकला. गेली तीन वर्षं त्या एका नावावरून तो असाच न थांबता सरकत आला होता. तिनं फोन उपडा ठेवला. अमजदभाईला असं फोनवर विचारण्यात अर्थ नव्हता. तोंडच बघायला हवं होतं.

पण आधी दोन तोंडं आणखी होती, कार्ड काढून देणारा सोमनाथ आणि वहिनी. तिनं हिरव्या पानाकडे पुन्हा पाहिलं. बारा, बारा, बारा. आणि मध्येच अकरा. चोवीसच्या जानेवारीत अकरा, एप्रिलमध्ये अकरा, जुलैमध्ये अकरा. मग थेट यंदाच्या सप्टेंबरमध्ये अकरा. एरवी घड्याळासारखा वागणारा हा माणूस त्या चार महिन्यांत एक दिवस आधी का आला?

३

सोमनाथनं तिला लगेच ओळखलं. कार्डं विकायचं काम सोडून त्यानं सारोळ्याला हायवेलगत रसवंती टाकली होती.

"ताई! शिरवळच्या गेटवर तुमचं कार्ड म्याच काढलं की. बसा, रस घ्या. बाळाला बिनबर्फाचा देतो."

"फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा टाकला होतास?"

"आता बघा," त्यानं ऊस चरकात सारला, "तुमचे समद्यांचे फोन गेटवर जमा व्हायचे. बँकेचा फोन आला आन् उचलला न्हाई, की फॉर्म रद्द, माझं कमिशन बुडालं. मग म्या पोरींना म्हणायचो, घरातला फोन उचलणाऱ्या मान्साचा नंबर द्या. तुमी कुणाचा दिला, त्ये मला काय ठावं?"

"तुझ्याकडे कार्डाची कॉपी वगैरे?"

"आवो ताई, कॉपी असती तर म्या तीनशेचं रिचार्ज मारलं असतं व्हय? फ्रीज उचलला असता!" तो खदखदून हसला, आणि मैथिलीलाही नकळत हसू आलं. एवढा खरा बोलणारा चोर नसतो. निदान तीनशे एकोणीसवाला तरी नसतो.

तिथून नसरापूर फाटा आणि फाट्यावरून वेल्ह्याची एसटी. ठकी मांडीवर झोपली. आई गेल्यावर दादा-वहिनींची वेल्ह्याला बदली झाली होती. उत्रोलीच्या घरातलं आईचं कपाट वहिनी घेऊन गेल्या होत्या, आणि कार्ड त्या कपाटात होतं. हे मैथिलीला कालपासून टोचत होतं.

नूतनवहिनी शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. "या वन्सं! सहा महिन्यांनी वाट सापडली? का दादाशी भांडायला आलात?"

"एक विचारायचं होतं, वहिनी. आईच्या कपाटात माझं एक कार्ड होतं."

नूतनवहिनींचा चेहरा बदलला. "म्हणजे कपाटाचा हिशोब मागायला आलात."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. सगळ्यांना तेच वाटतं. सासू गेली आणि सुनेनं कपाट उचललं." त्यांनी ठकीला मैथिलीच्या हातातून घेतलं, पण मैथिलीकडे बघितलं नाही. "आप्पाच म्हणाले, घेऊन जा, मला ते उघडवत नाही. आईंचा पत्र्याचा डबा तेवढा त्यांनी ठेवून घेतला. बटणं, सुया, पावत्या, काय असेल ते त्यात. मी झाकणसुद्धा उघडलं नाही."

मैथिलीला स्वतःची लाज वाटली. तिनं पुढे होऊन चहाचं आधण ठेवलं. माहेरच्या स्वयंपाकघरात माफी अशीच मागायची असते.

चहा पिता पिता वहिनी निवळल्या. "आप्पांकडे जात जा जरा. दिवाळीत गेलो तेव्हा मला काळजीच वाटली. एकटा माणूस, आणि भिंतीला दोन चार्जर. विचारलं तर म्हणतात, एक बिघडतो म्हणून दुसरा. दोन्ही चालू होते हो."

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर कापून आडवं टाकलेल्या भाताची खाचरं सरत होती. मैथिलीनं फोनमधलं कॅलेंडर उघडलं. बारा जानेवारी चोवीस. बारा एप्रिल. बारा जुलै. बारा सप्टेंबर पंचवीस. चारही तारखांवर तिनं एकेक करून बोट ठेवलं.

चारही शुक्रवार होते. एवढंच नाही, तर त्या दोन वर्षांत बारा तारीख शुक्रवारी दुसऱ्या कुठल्याच महिन्यात आलेली नव्हती.

भोरच्या स्टँडवर एसटी वळली, आणि समोर अमजदभाईचं बंद केंद्र दिसलं. त्याच्या शटरवर रंग उडालेली पाटी होती. 'शुक्रवारी बंद.'

४

बुधवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती.

"अरे वा, ताई! कर्ज झालं?" अमजदभाईनं शटर वर सारलं.

"झालं नाही. कुणीतरी माझं कार्ड वापरतंय. दर बारा तारखेला पैसे भरतंय. आणि बारा तारखेला शुक्रवार असला की अकरालाच भरतंय." तिनं पाटीकडे बोट केलं. "शुक्रवारी तुमचं दुकान बंद असतं."

अमजदभाईनं तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग ठकीपुढे चिक्कीची बरणी धरली. घाबरलेला माणूस असा सावकाश वागत नाही, हे मैथिलीनं टिपलं.

"ताई, तुमचे कागद माझ्याकडे आहेत, म्हणून तुम्हाला तसं वाटलं. वाटू द्या. मला राग नाही. पण ती पाटी जुनी आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून माझी सुट्टी सोमवारी दुपारनंतर. तेव्हा लेकीला, जोहराला, पुण्याला क्लासला सोडायला जातो. शुक्रवारी आता नमाजापुरता तासभर बंद, बाकी दिवसभर चालू. विचारा कुणालाही."

मनातल्या मनात मैथिलीनं हिरवं पान उलगडलं. जानेवारी, एप्रिल, जुलै, हे तिन्ही त्या दिवाळीच्या आधीचे. तेव्हा दुकान शुक्रवारी बंद असायचं. म्हणजे ते जुळत होतं. पण सप्टेंबर? यंदाचा सप्टेंबर दिवाळीच्या नंतरचा. बारा सप्टेंबरच्या शुक्रवारी हे शटर उघडं होतं. तरीही तो माणूस अकरालाच आला.

"म्हणजे शुक्रवार दुकानाचा नाही," ती हळूच म्हणाली. "शुक्रवार त्या माणसाचा आहे."

अमजदभाई कॉम्प्युटर चालू करायला खाली वाकला. मुद्दाम वाकला, असं तिला वाटलं.

"अमजदभाई, तो माणूस इथेच येतो ना? तुम्ही त्याला ओळखता."

"ताई, माझ्याकडे माणसं पेन्शनचे कागद आणतात, कोर्टाचे आणतात, औषधांच्या चिठ्ठ्या आणतात. एकाचं दुसऱ्याला सांगायला लागलो, तर पायरीवर कोण उभं राहील?"

"माझ्या नवऱ्याचं घरी येणं अडलंय त्याच्यामुळे."

अमजदभाईचा हात माउसवर थांबला. "हे त्या माणसाला ठाऊक नसणार," तो म्हणाला. "आईशप्पथ सांगतो. ठाऊक असतं तर त्यानं जेवण सोडलं असतं." आणि लगेच, जास्त बोलून गेल्यासारखा, तो ठकीशी बोलायला लागला. "अजून एक चिक्की पाहिजे का तुला? सांग, सांग."

मैथिली पायरीवर बसली. शुक्रवारी हातातून पैसा जाऊ न देणारं माणूस. तसं एक माणूस तिला माहीत होतं. शुक्रवारी दूधवाला आला तर "उद्या या हो, आज लक्ष्मीचा वार" म्हणणारं. शाळेची फी शुक्रवारी भरायची असली तर गुरुवारीच बाईंच्या घरी नेऊन देणारं. एक दिवस आधी. कायम एक दिवस आधी.

तिनं फोन काढला. नावांची यादी उघडली. अमजद. त्याच्या खाली अंगठा पहिल्यांदाच थांबला. तिनं त्या नावावर टिचकी मारली.

नंबर उघडला. शेवटचे आकडे चार एक सात तीन.

पण आई तर तीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये गेली होती.

५

उत्रोलीला माहेरच्या अंगणात भात वाळत घातलं होतं. आप्पा पायानं ते वरखाली करत होते. भोर डेपोत चौतीस वर्षं कंडक्टर. अजूनही अर्धं गाव त्यांना मास्तर म्हणायचं.

"बुधवारची कशी आलीस गं? आन् ठके, तू चालत आलीस का तिकीट काढून?"

"आप्पा, आईचा फोन कुठंय?"

आप्पांचा पाय थांबला. भातात एक वळ तसाच राहिला.

"अमजद बोलला?"

"नाही. अमजदभाई एक अक्षर बोलला नाही. शुक्रवार बोलला."

ते ओटीवर येऊन बसले. मैथिलीनं सगळं सांगितलं. आधी तिला आईच वाटली होती. पण आई नाही, आणि असती तरी ती पै न् पै जुळवणारी नव्हती. भाजीवाल्याकडे दोन रुपये राहू द्यायची, किराणावाल्याला वरचे पाच सोडायची. तीनशे एकोणीसला तीनशे एकोणीसच देणारा माणूस वेगळा. ज्याची कॅश आणि तिकिटं संध्याकाळी डेपोत एका रुपयानंही कधी चुकली नाहीत, तो. शुक्रवार आईचा होता, पण रुपया आप्पांचा. आणि भिंतीला दोन चार्जर, म्हणजे घरात चालू फोन दोन.

"पण एक कळत नाही मला, आप्पा. आई शुक्रवार पाळायची म्हणून तुम्ही हसायचात. मुद्दाम शुक्रवारी दूधवाल्याचं बिल द्यायचात."

"व्हय. चिडायची लई." आप्पा अंगणाकडे बघत म्हणाले. "लाल व्हायची नुसती. त्येच्यासाठीच द्यायचो म्या. आता शुक्रवारी पैसे देऊन चिडायला कोन हाय? मग आपलं तिचं ऱ्हायलेलं तेवढं करतो."

ते आत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. बटणं, सुया, आणि त्यात मऊ रुमालात गुंडाळलेला आईचा फोन. खाली मैथिलीचं कार्ड, सरळ, न कापलेलं.

"तू कापाय दिलंस, पर तिनं न्हाई कापलं. पोरीच्या नावाचं हाय, म्हणाली, कसं कापू. आन् त्याच्यावर सोताचं रिचार्ज मारायची. अमजदकडनं. तिच्यामागं म्या तेच चालू ठिवलं."

"पण रिचार्ज कशाला, आप्पा? तिचे फोटो, तिचे मेसेज, सगळं रिचार्जशिवाय राहतं."

आप्पांनी रुमालाची घडी बोटांनी सपाट केली. मग म्हणाले, "रिचार्ज बंद केलं की नंबर दुसऱ्याला देत्यात, म्हणं. म्हंजी म्या लावायचा, आन् कुनीतरी परका उचलनार. कोन बोलतंय, इचारनार." त्यांनी आपला फोन खिशातून काढला. "दुपारी जेवाय बसताना एकदा लावतो. तिच्या फोनचा आवाज बंद केल्याला असतो. पर पडदा उजळतो. त्यावर नाव येतं."

"काय नाव?"

"मास्तर. तिनं मला मास्तर म्हनून ठिवलं हाय त्यात." ते ओशाळं हसले. "तीस वर्सं नाव घेतलं न्हाई, आन् फोनात बी न्हाई."

ठकी बटणांत हात घालून बसली होती, आणि या वेळी मैथिलीच्या हातांना ते काढून घ्यायचं सुचलं नाही.

शेवटी सांगावंच लागलं. वर्षाचं शुल्क, दंड, सहाशे अठरा, दहेज, तीस तारीख.

आप्पा ताडकन उठले. "पाचशे एकोणनव्वद? कशाचे? म्या घेतलं तेवढं दिलं! गाडीत बसलोच न्हाई, आन् तिकीट?" मग बाकीचं त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मटकन खाली बसले. "म्हंजी माझ्यापायी जावईबापू तिकडं अडकले? ह्या पोरीचा बाप?"

"आप्पा—"

"बंद कर." त्यांनी फोन आणि कार्ड दोन्ही तिच्या ओंजळीत कोंबलं. "आत्ता कापून टाक त्ये. नंबर बी जाऊ दे. कुनाला जायचा त्याला जाऊ दे."

त्यांनी तिच्याकडे पाठ केली, भाताच्या वळात पाय घातला आणि पुन्हा चालायला लागले.

६

पैसे तिनं त्याच दुपारी भरले. पाच रुपये सुटे नव्हते, तर अमजदभाई म्हणाला, "राहू द्या," आणि ती म्हणाली, "नको, मास्तरांची मुलगी आहे मी." कार्डाच्या बँकेकडून कागद यायला आठवडा लागला. अठ्ठावीस तारखेला फौजिया मॅडमनी नवा अहवाल छापला.

"सातशेला टेकला नाही अजून," त्या म्हणाल्या. "एका रात्रीत नसतो भरून येत. पण थकबाकी शून्य झाली. आणि मी वर तुझी सगळी बिलं जोडलीत. दर महिन्याला भरणा आहे, एकही महिना चुकलेला नाही, राहिलं ते फक्त शुल्क. थकवणारा माणूस असा नसतो. वरच्या ऑफिसात ते पटलं." त्यांनी फाईल मिटली. "मंजूर होतंय. फक्त एक सांगते, आता घाईघाईनं ते कार्ड बंद करू नकोस. सहा वर्षांची ओळख तुझ्या नावावर तेवढीच एक आहे. ती गेली तर परत नवखी होशील. बिलं तेवढी स्वतः बघ."

"बंद नाही करणार, मॅडम," मैथिली म्हणाली. तिच्या पर्समध्ये कार्ड होतं, सरळ, न कापलेलं. गेले नऊ दिवस तिनं ते तसंच बाळगलं होतं, कारण आप्पांना काय सांगायचं तेच सुचत नव्हतं. आता सुचलं.

प्रद्युम्ननं एकोणतीसला कंपनीत नाही म्हणून सांगितलं. नोटीस दोन महिन्यांची. म्हणजे जानेवारीअखेर. "साठ घास राहिले," तो म्हणाला, आणि स्क्रीनकडे तोंड करून आऽ केलं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी ती ठकीला घेऊन उत्रोलीला गेली. आप्पांनी ताटं घेतली होती, पण तिच्याकडे नीट बघत नव्हते. तिनं पत्र्याचा डबा मागितला, आईचा फोन त्यात परत ठेवला आणि पर्समधून कार्ड काढलं.

"बँकेच्या मॅडम म्हणाल्या, बंद करायचं नाही. जुनं खातं आहे, त्यामुळेच माझी पत आहे."

आप्पांनी मान वर केली. "मला बरं वाटावं म्हनून सांगतीस."

"आप्पा, तुमच्यापुढे खोटं बोलून कोण उतरलंय गाडीतून?"

तिनं स्वतःच्या फोनवरून रिचार्ज केलं. तीनशे एकोणीस. डब्यातला फोन उजळला, ओटीपी आला, आप्पांनी डोळे बारीक करून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. "झालं?"

"झालं. लागतोय का बघू."

तिनं यादी उघडली. अमजद, त्याच्या खाली आई. अंगठा थांबला, आणि या वेळी तिनं नंबर लावला. कानाला लावलेल्या फोनमध्ये रिंग वाजायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रुमालावरचा पडदा उजळला. आपलं नाव आईनं काय म्हणून ठेवलं होतं, हे मैथिलीनं कधी बघितलंच नव्हतं. ती वाकली. देवनागरीत, आईच्या सावकाश बोटांनी एकेक अक्षर शोधून लिहिलेलं होतं ते, आठवणीनं विचारायचं राहून जाऊ नये म्हणून.

'मैथू जेवली का'

रिंग वाजत राहिली. अक्षरं उजळत राहिली. आप्पांनी ती तिच्या खांद्यावरून वाचली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"काय म्हनतीय ती?" ते म्हणाले. "सांग की तिला. जेवलीस का?"